एकसंध ओतलेला शिवरायांचा पुतळा. शिल्पकार करमरकरांनी कोणती जोखीम पत्करली?

पुणे : वारज्यातून शिवाजीनगरला गेलात, तर शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील शिवरायांचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा नक्की पाहा. 1928 मधील हा पुतळा अलिबागजवळच्या सासवणे गावचे शिल्पकार विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर (1891-1967) यांनी घडवला.

वेगळेपण काय?
एवढे मोठे पुतळे सहसा तुकड्यांत ओतून जोडतात. करमरकरांनी घोड्यासह पुतळा एकसंध ओतून घेतला. सांधे नाहीत, म्हणजे कमकुवत जागाही कमी.

धोका कोणता होता?
साचा पूर्ण भरण्याआधीच धातू थिजला किंवा साचा फुटला, तर एखादा तुकडा नव्हे, सगळा पुतळाच वाया गेला असता.

त्यांची आणखी शिल्पे कुठे पाहाल?
सासवणे येथील त्यांच्या घरातील संग्रहालयात.