पडद्याचा लांब-आखूड होणारा रॉड
एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या, एवढीच याची रचना. जितका ताणाल तितका जोड कमकुवत. जाड पडद्याने रॉड नेमका तिथेच वाकतो. म्हणून रुंद खिडकीला मधोमध तिसरा ब्रॅकेट हवाच, त्यात काटकसर नको. रॉड चौकटीबाहेर दोन्हीकडे वीतभर जाऊ द्या. पडदा सारल्यावर काच पूर्ण मोकळी राहते आणि खोलीत उजेड भरपूर येतो. खिडकीवर बहुधा काँक्रीटचा लिंटेल असतो. साधं ड्रिल तिथे नुसतंच फिरतं, हॅमर ड्रिल मागवा. भाड्याच्या घरात भोकं नकोत? मग स्प्रिंगचा रॉड घ्या: टोकांना रबर असतं, समोरासमोरच्या भिंतींत तो दाबून बसतो. मात्र त्यावर हलका पडदाच टाका. वजनाने तो घसरतो.