लेसर हेअर रिमूव्हल : करावं की न करावं?

मित्रमैत्रिणींनो, सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषयही जरा 'तसा'च आहे. मराठी विभाग बघणारी मैत्रीण आधी म्हणाली, "हे कोण वाचणार?" आणि मग हळूच, "पण मला पहिल्यांदा वाचायला दे हं!"

दर दुसऱ्या रविवारी आमच्या लेडीज होस्टेलमधून गेटसमोरच्या पार्लरकडे एक छोटासा मोर्चा निघतो. पार्लरवाल्या ताई दोरा दातात धरतात, आपण डोळे घट्ट मिटतो, आणि अप्परलिप होईपर्यंत डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी या मोर्चाची जुनी मेंबर. सातवीत एका मुलीने मला 'मिस मुस्टॅश' म्हटलं होतं. (शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे चिडवणंसुद्धा इंग्लिशमध्ये!) पुढे हनुवटीवरही जाड केस यायला लागले. व्हायवा देताना माझा एक हात कायम हनुवटीवर. सरांना वाटायचं, मुलगी विचार करतेय!

यंदा आई फोनवर म्हणाली, "अगं, दादाच्या लग्नाआधी ते लेसर करून टाक एकदाचं. कायमची कटकट जाईल." इंटर्नशिपचा स्टायपेंड नुकताच हातात आला होता. पण त्याच आठवड्यात माझी रूममेट लेसर करून आली ती पायांवर काळ्या पट्ट्या घेऊन. मग ठरवलं, पैसे भरण्याआधी हा प्रकार नीट समजून घ्यायचा.

लेसर नेमकं करतो काय?

फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये आपण सगळ्यांनी रूबी लेसर पाठ केलाय. १९६० साली थिओडोर मेमन यांनी तो पहिल्यांदा चालवून दाखवला. पुढे १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश या शास्त्रज्ञांनी एक साधी पण भन्नाट कल्पना मांडली. योग्य वेव्हलेंग्थचा प्रकाश योग्य तेवढाच वेळ सोडला, तर त्वचेतली ठराविक रंगीत गोष्ट तेवढी तापते आणि आजूबाजूचा भाग वाचतो.

केसाच्या बाबतीत ती रंगीत गोष्ट म्हणजे मेलॅनिन. केसातलं मेलॅनिन प्रकाश शोषून घेतं, उष्णता मुळापर्यंत जाते आणि केस पुन्हा उगवणाऱ्या पेशी निकामी होतात. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी इथे टाइम कॉन्स्टंट आठवावा. त्वचेचा वरचा थर पातळ, तो काही मिलिसेकंदांत थंड होतो. केसाचं मूळ जाड, त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. पल्स या दोन्हींच्या मधली ठेवली की त्वचेला उष्णता सोडून द्यायला वेळ मिळतो आणि मूळ तापतच राहतं. शिवाय त्वचा वरून गार करत राहतात ते वेगळंच.

आता खरी गोम. मेलॅनिन फक्त केसात नसतं, आपल्या त्वचेतही असतं! गोरी त्वचा आणि काळा केस असेल तर काम सोपं, सिग्नल मोठा आणि नॉइज कमी. त्वचेचे एक ते सहा असे प्रकार मानतात, त्यात आपण भारतीय बहुतेक करून चार-पाचमध्ये बसतो. म्हणजे आपल्याकडे नॉइज जास्त. ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट लेसर मेलॅनिनला जोरात पकडतो, त्यामुळे सावळ्या त्वचेला भाजायची भीती जास्त. ८०० ते ८१० चा डायोड मधला. १०६४ चा एनडी-याग खोल जातो आणि मेलॅनिन त्याला कमी शोषतं, म्हणून गडद त्वचेला तो जास्त सुरक्षित. आणि 'आयपीएल' नावाने जे चालतं तो लेसर नव्हेच. तो अनेक वेव्हलेंग्थचा एकत्र फ्लॅश असतो.

फायदे

१. केस खरोखर कमी होतात. जे राहतात तेही बारीक आणि फिकट होतात.

२. रोजचं शेव्हिंग, दर पंधरवड्याचं वॅक्सिंग, त्यातून येणारे फोड आणि आत वळून वाढणारे केस, यातून सुटका होते. मुलांनो, हसू नका! दाढीच्या जागी वारंवार फोड येणाऱ्यांना याचा उपयोग होतो. आणि पाठीच्या टोकाशी केसांमुळे होणारा पिलोनिडल सायनस पुन्हा होऊ नये म्हणूनही डॉक्टर लेसर सुचवतात.

३. सगळ्यात मोठा फायदा मोजता येत नाही. हात हनुवटीवरून खाली येतो.

तोटे

१. 'कायमचे' हा शब्द जाहिरातीतला. अमेरिकेच्या एफडीएने मान्य केलेला शब्द 'कायमस्वरूपी घट' असा आहे, 'कायमचं निर्मूलन' नव्हे. मधूनमधून पुन्हा सिटिंग घ्यावं लागू शकतं.

२. एका सिटिंगमध्ये काम होत नाही. वाढीच्या अवस्थेत असलेल्या केसांवरच लेसर नीट चालतो, बाकीचे त्या वेळी विश्रांती घेत असतात. म्हणून चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने साधारण सहा-आठ वेळा जावं लागतं. पैसेही तितक्या वेळा जातात.

३. पांढऱ्या आणि फिकट केसांवर याचा उपयोग जवळजवळ नाही. तिथे इलेक्ट्रोलिसिस.

४. भाजणं, काळे किंवा पांढरे डाग पडणं. आणि कधीकधी चक्क उलटं होतं, चेहऱ्यावरची बारीक लव जाड होते! हे आपल्यासारख्या त्वचेत आणि हार्मोन्सची गडबड असलेल्यांत जास्त दिसतं.

५. डोळे. १०६४ चा प्रकाश दिसत नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही. त्या वेव्हलेंग्थचा गॉगल हवाच, नुसता कापूस ठेवून चालत नाही.

रूममेटचं काय झालं ते आता कळलं असेल. ती एनएसएस कॅम्पहून सात दिवस ऊन खाऊन आली आणि चौथ्या दिवशी लेसरला गेली. उन्हाने रापलेल्या त्वचेत मेलॅनिन वाढलेलं असतं, अशा वेळी लेसर करत नाहीत. तिला कुणी विचारलंच नाही. आज सहा महिने झाले, पट्ट्या फिकट झाल्यात, गेलेल्या नाहीत.

मी काय केलं?

मी त्वचारोगतज्ज्ञ मॅडमकडे गेले. वाटलं, मशीन दाखवतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पाळी नियमित येते का?"

मी म्हटलं, "येते कधीतरी."

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, आणि निघालं पीसीओएस. म्हणजे सात-आठ वर्षं मी ज्याची लाज बाळगून होते, ते एका आजाराचं लक्षण होतं. मॅडम म्हणाल्या, "लेसर कर, पण आधी औषध आणि व्यायाम सुरू कर. हार्मोन्स तसेच राहिले तर नवे केस येतच राहतील." वरच्या ओठावर बारीक लव, तिथे त्यांनी लेसर नको म्हटलं. हनुवटीवर मात्र हो.

रात्री आईला सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मलाही होतं गं असंच. आम्ही कुणाला विचारलंच नाही."

दादाच्या लग्नाला मी थ्रेडिंग करूनच गेले. आतापर्यंत तीन सिटिंग झाली. रबरबँड फटकन बसल्यासारखं दुखतं. केस निम्म्याहून कमी झालेत.

तेव्हा करावं की न करावं? केस ठेवायचे तर खुशाल ठेवा, तो काही गुन्हा नाही. करायचं असेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना भेटा आणि विचारा : वेव्हलेंग्थ कोणती? हात कुणाचा? आधी छोट्या जागेवर टेस्ट करणार का? महिनाभर आधीपासून वॅक्सिंग-थ्रेडिंग बंद ठेवा (मूळच उपटलं तर लेसर तापवणार काय?), शेव्हिंग चालतं. ऊन टाळा, सनस्क्रीन लावा. तीळ आणि टॅटूवर लेसर नको. आणि चेहऱ्यावर अचानक केस वाढले, पाळी चुकत असेल, तर पार्लरच्या आधी दवाखाना.

परवाच्या व्हायवाला माझे दोन्ही हात टेबलावर होते. मार्क मात्र पूर्वीइतकेच मिळाले!

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स