सागवानी तुळई आणि जंगलाचं वय

गिरगावातली जुनी चाळ पुनर्विकासासाठी पाडतात तेव्हा कडीपाटातली सागवानी तुळई शंभर वर्षांनंतरही सरळ निघते. रंगाचे थर तासले की आतला तांबूस, तेलकट गाभा दिसतो आणि तिला पुन्हा गिऱ्हाईक मिळतं. हा साग मलबार-ब्रह्मदेशातल्या नैसर्गिक जंगलांत सावकाश वाढलेला. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज इंग्लंडमध्ये आजही तरंगतं आहे. असं लाकूड पुढे मिळेल का, हे हवामानाइतकंच जंगल कसं राखलं यावर ठरणार आहे.

उष्णता वाढली की उत्तरेकडच्या थंड देशांत लाकूड वाढेल, असं काही जण म्हणतात. वाढीचा हंगाम तिथे लांबतो, हे खरं. पण कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात पाइनच्या सालीखाली शिरणारा भुंगेरा पूर्वी कडाक्याच्या थंडीत मरायचा. १९९० नंतर हिवाळे सौम्य झाले आणि त्याने प्रांतातला निम्म्याहून अधिक विक्रीयोग्य पाइन मारला. दोष एकट्या हवेचा नव्हता. कित्येक दशकं वणवे विझवत गेल्याने डोंगरच्या डोंगर एकाच जातीच्या, जून झाडांनी भरले होते. किड्यापुढे ताट वाढूनच ठेवलं होतं. मेलेली झाडं तोडून लाकूडगिरण्या काही वर्षं जोरात चालल्या, मग माल आटला आणि अनेक बंद पडल्या. गिरणी बंद पडणं म्हणजे काय, हे परळ-लालबागला सांगायला नको. २०२३ साली तर कॅनडात दीड कोटी हेक्टर जळालं, म्हणजे जवळपास अर्धा महाराष्ट्र.

आपल्याकडे १९७४ साली स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाने विदर्भात मिश्र जंगल काढून साग लावला. मिश्र जंगल राखणं परवडत नाही, सागाचे पैसे होतात, हा त्यामागचा हिशेब समजण्यासारखा आहे. पण आज लावलेला साग तोडीला यायला साठेक वर्षं लागतात आणि चंद्रपूरचा उन्हाळा आत्ताच ४५ अंशांपुढे जातो. वणव्याने मोठा साग सहसा मरत नाही, बुंध्याला जखम होते. तिथून बुरशी शिरते, गाभा पोकळ होतो आणि लिलावात त्या ओंडक्याचा भाव पडतो. म्हणून वेळच्या वेळी विरळणी, उन्हाळ्याआधी जाळरेषा आणि सागासोबत ऐन, बांबू राखणं हाच पुढच्या लाकडाचा विमा आहे.

मग तोडच का थांबवू नये? कारण मुंबईची गरज थांबत नाही, ती दुसऱ्या देशाच्या जंगलावर जाऊन पडते. ती थोडी तरी इथेच भागू शकते: चाळ पाडण्याआधी तिच्यातल्या सागाची मोजदाद व्हावी आणि तो नव्या इमारतीच्या दारं-चौकटींत वापरण्याची अट पुनर्विकासाच्या करारातच असावी.