मोळीला वजनाची मर्यादा हवी

2025 मध्ये 1 नोव्हेंबरला उसाचं गाळप सुरू झालं, 21 नोव्हेंबरला चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि कामगार सुरक्षेच्या चर्चेला ऊत आला. हेल्मेट, बूट, विमा यांवर भरपूर लिहून झालं. खर्डा-जामखेडच्या पट्ट्यातून दरवर्षी ऊसतोड मजुरांच्या ज्या टोळ्या फडाकडे निघतात, त्यांचा प्रश्न मात्र यातल्या कशानेच सुटत नाही, कारण तिथे धोका कामाच्या घडणीतच आहे. साखर बुडख्याकडे जास्त, म्हणून ऊस जमिनीलगत तोडायचा. कोयत्याचा दांडा आखूड, म्हणून कंबर दिवसभर वाकलेली. मग मोळ्या बांधायच्या आणि चुंबळीवर तीस-चाळीस किलो घेऊन अरुंद फळीवरून गाडीत चढायचं. गाडी रात्री आली तर रात्री. कामच माणसाच्या शरीराला साजेल असं घडवणारं शास्त्र म्हणजे अर्गोनॉमिक्स. आपल्याकडे ते संगणकापुढच्या खुर्चीपाशी अडकून बसलं.

इजा होईल इतकं ओझं कुणाला उचलायला लावू नये, ही तरतूद 1948 च्या कारखाने अधिनियमात, कलम 34 मध्ये होतीच. पण ती राहिली कारखान्याच्या फाटकाच्या आत. त्याच कारखान्याचा ऊस फाटकाबाहेर ज्या डोक्यावरून येतो, त्या डोक्याला मर्यादा नाही. अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत 29 व्यावसायिक आजार होते. शिसं, पारा, सिलिकोसिस सगळं होतं, झिजलेला मणका नव्हता. फळीवरून पडलेला माणूस निदान अपघातात मोजला जातो. वीस हंगामांत हळूहळू गेलेली कंबर कुठल्याच रकान्यात बसत नाही. ती माणसाचं वय झालं म्हणून खपते, मग तो चाळिशीचा का असेना.

अमेरिकेतली नायॉश ही संस्था वजन उचलण्याच्या हिशेबात 23 किलोंपासून सुरुवात करते, तेही ओझं अंगालगत, पकड चांगली आणि पाठ न वळवता. अंतर, उंची, फेऱ्या वाढल्या की आकडा खाली येतो. हा हिशेब डोक्यावरच्या ओझ्यासाठी केलेला नाही हे खरं. पण मोळी डोक्यावर जाण्याआधी जमिनीवरून उचलावीच लागते. बाईच्या बाबतीत तर प्रश्न मणक्यावर थांबत नाही. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. त्यात खाड्याची भीती, उचलीचं कर्ज, दवाखान्यांचा धंदा असं बरंच काही होतं. पण जड ओझ्याने अंग बाहेर येतं, हे खेड्यातल्या बाईला डॉक्टरने सांगावं लागत नाही.

मुकादम म्हणेल, मजुरी टनावर आहे, मोळी हलकी केली तर फेऱ्या वाढतील आणि मजूरच नको म्हणेल. आक्षेप पोकळ नाही. म्हणूनच मर्यादेसोबत भरणीचा दर वेगळा आणि वाढीव हवा; 2024 च्या जानेवारीतल्या करारात तोडणीचे दर 34 टक्के वाढले, पण वजनाचा विषय तसाच राहिला. काम मंदावेल ही भीतीही तपासून पाहावी. एल साल्वाडोरमध्ये 2014-15 च्या हंगामात तोडणी मजुरांना पाणी, सावली, ठरलेली विश्रांती आणि सुधारित कोयता दिला, तेव्हा रोजची तोड घटली नाही, वाढली. हार्वेस्टर येणारच आहे, मग कशाला हा खटाटोप, असंही म्हणतात. पण गुंठ्यांच्या तुकड्यांत ते यंत्र वळत नाही, आणि येईल तिथे आधी कोयत्याची रोजी जाईल.

शंभर किलोंचं साखरेचं पोतं पन्नासवर आलंच ना? गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे टनामागे पैसा जमा होतो. त्यातून आधी फडावर काटा न्यावा, मोळ्या मोजाव्यात, आणि पुढच्या करारात दराच्या शेजारी मोळीचं कमाल वजन लिहून घ्यावं.