थंड हवेचा डबा

शिळफाटा म्हटले की ठाणे-कल्याणकडच्या मंडळींच्या डोळ्यांपुढे मुंब्र्याजवळची वाहनांची रांग उभी राहते. मी सांगतो आहे तो शिळफाटा निराळा. तो रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, खोपोलीचा. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा. इथपर्यंत मोटार सपाटीवरून मजेत आलेली असते. इथून पुढे बोरघाट, आणि मग कोणाच्या गाडीत किती दम आहे, ते पाच मिनिटांत कळते.

घाटाच्या पायथ्याशी थांबून दम घ्यायची इथली रीत जुनी आहे. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत घाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली. पण १८६३ साली घाटातला लोहमार्ग पुरा होईपर्यंत उतारूंना इथे उतरून पालखीत नाही तर तट्टावर बसून वर जावे लागे. १९१५ पासून टाटांच्या वीजघरासाठी लोणावळ्याच्या तलावांचे पाणी याच कड्यावरून खाली येऊ लागले. पाणी खाली उतरताना शक्ती देते, आणि मोटार वर चढताना शक्ती मागते. खोपोलीला हे दोन्ही व्यवहार रोज दिसतात.

आमच्या घरात याच फाट्यावर एक तंटा सुरू झाला आणि याच फाट्यावर तो मिटला. त्याच्या मुळाशी होता पत्र्याचा एक डबा. गोष्ट २०१४ सालची आहे.

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, एस. टी.च्या कार्यशाळेत तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले. हातात आलेल्या पैशांतून त्यांनी एकच चैन केली. २००२ सालची एक होंडा सिटी व्हीटेक विकत घेतली. दीड लिटरचे एंजिन, एकशे सहा अश्वशक्ती. त्या काळी आपल्याकडच्या चपळ मोटारींत तिचे नाव आदराने घेतले जाई. भाऊजी तिला रविवारी स्वतःच्या हाताने धूत, आणि धुताना तिच्याशी बोलत, असे ताई सांगते.

चिरंजीव नुकतेच यंत्रशास्त्राची पदविका घेऊन बाहेर पडलेले. त्यांच्या मते गाडी "गुदमरलेली" होती. एके दिवशी त्यांनी कंपनीने बसवलेला हवेचा काळा डबा काढून माळ्यावर टाकला आणि त्या जागी बाजारातला शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवला. पायाखालचे पेडल दाबताच गाडी वाघासारखी गुरगुरू लागली. गल्लीतली पोरे जमली. चिरंजीव कृतार्थ झाले.

मे महिन्यात आम्ही पाचजण सामानसुमानासह पुण्याला निघालो. शिळफाटा सोडला, चढ लागला, पुढे मालमोटारींची रांग. वातानुकूलन चालू, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, आणि तिच्या अंगातले बळ जणू कोणी काढून घेतलेले. मधूनच एंजिनातून खडखड ऐकू येई. गुरगुर मात्र पूर्वीपेक्षा मोठी.

"तापलेली हवा पितेय ती," भाऊजी म्हणाले.

"बाबा, आवाज ऐका ना! केवढी हवा ओढतेय!"

"आवाज मीही ऐकतोय. गाडी चढते आहे का, ते बघ."

शब्दाने शब्द वाढला. परत येताना शिळफाट्यावर चहाला थांबलो, तेव्हा भाऊजींनी किल्ली मुलाच्या हातावर ठेवली. "गाडी आता तुझीच. मी बसने येतो," म्हणाले, आणि खरोखरच बसने आले. त्यानंतर चार महिने ते त्या गाडीत बसले नाहीत. रविवारचे धुणेही थांबले. ताई दोघांच्या मध्ये सापडली.

यात बरोबर कोणाचे होते? वाचकहो, थोडा हिशेब करू. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. दीड लिटरचे एंजिन मिनिटाला सहा हजार आठशे फेरे घेऊ लागले, की ते एका मिनिटात पाच हजार लिटरच्या घरात हवा ओढते. पण एंजिनाला हवी असते ती हवेतली प्राणवायूची भर; नुसते आकारमान काय कामाचे? हवा तापली की विरळ होते. बाहेर तीस अंश असताना बॉनेटखालची साठ अंशांची हवा आत घेतली, तर त्याच घोटात प्राणवायू नऊ टक्क्यांनी कमी येतो. शिवाय तापलेल्या हवेने एंजिन खडखडू लागते. ते टाळण्यासाठी ठिणगी उशिरा पाडावी लागते, त्यात आणखी बळ जाते. भरीला घाटमाथ्याची उंची. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास आहे; तिथे हवेचा दाबच सहा-सात टक्क्यांनी उतरलेला असतो. उंचीचा कर कोणालाच चुकत नाही. उष्णतेचा मात्र चुकवता येतो.

म्हणजे भाऊजींचे म्हणणे खरे होते. उघडा फिल्टर तापलेल्या रेडिएटरच्या मागे बसून त्याचीच गरम हवा ओढत होता. आवाज वाढला, कारण तो दाबणारा डबा माळ्यावर गेला होता.

चिरंजीवांना हे उमगले, पण जुना डबा परत बसवणे म्हणजे हार. तेव्हा त्यांनी स्वतःच डबा करायचे ठरवले. आधी साडीच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून, बॉनेटखालच्या कोपऱ्यात बसवून पाहून, पुन्हा कापून नमुना केला. ताईच्या कपाटातली तीन खोकी त्यात गेली. मग तो नमुना घेऊन खोपोलीतल्या एका पत्रेकाम करणाऱ्या कारागिराकडे गेला. त्याने सोळा गेजचा अॅल्युमिनियमचा पत्रा त्यावर आखला, कापला, कडा वाकवल्या आणि सांधे वेल्डिंगने जोडून दिले. बंपरच्या आतून तीन इंच व्यासाची नळी डब्यात आणली. फिल्टर डब्याच्या आत. बॉनेट हेच झाकण. कडेला रबराची पट्टी, म्हणजे बॉनेट बंद केले की गरम हवेला फट राहू नये. डबा देखणा झाला होता, यात शंका नाही.

आणि मग श्रावणातला पाऊस आला. खोपोलीच्या अलीकडे रस्त्यावर गुडघ्याच्या थोडे खाली पाणी होते. गाडी निघाली खरी. पण घरी येऊन पाहतो तो फिल्टर अर्धा ओला. नळीचे तोंड बंपरच्या तळाशी, पाण्यापासून वीतभर! चिरंजीवांचा चेहरा उतरला. त्या रात्री ते प्रथमच वडिलांपुढे जाऊन उभे राहिले. ओला फिल्टर हातात होता. बोलले काहीच नाहीत.

भाऊजींनी फिल्टर उलटासुलटा करून पाहिला. "आणखी चार बोटे पाणी असते, तर एंजिन गेले होते," ते म्हणाले. "हवा दाबली जाते. पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. २६ जुलै २००५ ला मुंबईत काय झाले, आठवते ना?" सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायच्या खटपटीत कित्येकांनी आपली एंजिने गमावली. "अशी गाडी कधी चालू करू नये. ढकलत न्यावी," भाऊजी म्हणाले. मग थोडे थांबून, "तो डबा आण बघू इकडे."

दुसरा डबा दोघांनी मिळून केला. नळीचे तोंड हेडलाइटच्या मागे, उंचावर नेले. डब्याच्या तळाला पाणी निथळायला बारीक भोक ठेवले. पत्रा स्वतःच तापतो, म्हणून बाहेरून उष्णता परतवणारी चकचकीत पट्टी चिकटवली. चिरंजीवांना आतल्या बाजूला रिव्हेट मारायचे होते. "एक जरी निखळला, तर जाईल कुठे?" भाऊजींनी विचारले, आणि रिव्हेट रद्द झाले. काही गाड्यांत फिल्टरच्या पुढे हवा मोजणारे नाजूक यंत्र असते. तिथे नळीचा व्यास बदलला की पेट्रोलचा सारा हिशेब चुकतो. या गाडीत हिशेब दाबावरून होतो, म्हणून ते संकट टळले.

नवरात्र संपले आणि एका रविवारी सकाळी आम्ही तिघे शिळफाट्यावर आलो. भाऊजी चार महिन्यांनी गाडीत बसले होते. मागच्या सीटवर, पण बसले होते. वेगाची परीक्षा घाटात घ्यायची नाही, हे त्यांनी आधीच बजावले होते. तारेचा एक थर्मामीटर फिल्टरजवळ सोडला. शिळफाट्यापासून शिंग्रोबाच्या देवळापर्यंत एकाच गिअरमध्ये, एकाच संथ चालीने जायचे आणि आकडा लिहायचा. परत यायचे, फिल्टर बदलायचा, एंजिन तेवढेच तापू द्यायचे आणि पुन्हा जायचे. बाहेर एकोणतीस अंश होते. उघड्या फिल्टरपाशी अठ्ठावन्न भरले. नव्या डब्यात सदतीस.

चिरंजीवांनी टाळी मागितली. भाऊजींनी ती दिली आणि डिकी उघडायला सांगितली. आत माळ्यावरचा तो जुना काळा डबा होता, पुसून स्वच्छ केलेला. "आता हा लाव."

तिसरी फेरी झाली. कंपनीच्या डब्यात चाळीस अंश.

तीन अंशांचा फरक! हिशेबाने प्राणवायूत एक टक्का. एकशे सहा घोड्यांच्या तबेल्यात फार तर एक शिंगरू वाढले. कंपनीतल्या अभियंत्यांनीही ओढून घेण्यासाठी थंड हवेचीच जागा निवडली होती, आवाज दाबला होता, पाण्यापासून तोंड दूर ठेवले होते. आम्ही पाच महिने खपून त्यांच्या दारापर्यंत पोचलो होतो. शर्यतीच्या गाडीत, जिथे एंजिन वाढवलेले असते आणि मूळ डबा खरोखरच अपुरा पडतो, तिथे असा डबा आपले मोल वसूल करतो. घरच्या मोटारीत मूळचा डबा जागेवर असावा आणि फिल्टर वेळेवर बदलावा, हीच पहिली सुधारणा.

चिरंजीव थर्मामीटरकडे बघत गप्प उभे होते. मला वाटले, आता पुन्हा ठिणगी पडणार.

"तीन अंश म्हणजे काही थोडे नाहीत," भाऊजी म्हणाले. "कंपनीवर मात केलीस की रे!" आणि ते इतक्या मोठ्याने हसले की टपरीवाला वळून पाहू लागला. मग त्यांनी पाना मागितला. काळा डबा उतरवून मुलाचा डबा स्वतःच्या हाताने बसवला.

चौथी फेरी मोजायची नव्हतीच. तरी आम्ही निघालो. बोरघाटाची वाट इंग्रजांना शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली आणि त्यातच त्याचा जीव गेला, अशी आख्यायिका आहे. म्हणून घाट चढणारे चालक त्याच्या देवळापाशी नाणे टाकतात. देऊळ आले. चिरंजीवांनी गाडी हळू केली, खिसा चाचपला, नाणे नव्हते. भाऊजींनी आपले काढून दिले. या वेळी ते पुढच्या सीटवर बसले होते.

त्या दिवाळीत अभ्यंगस्नान आटोपून मी ताईकडे फराळाला गेलो, तर दारात गाडी धुणे चालले होते. बादल्या दोन होत्या.