बांधावरचे करवंद आणि बांधातला उंदीर

डोंबिवलीहून मलंगगडाकडे जी भातखाचरे अजून शिल्लक आहेत, त्यांच्या बांधावर वर करवंदाची जाळी व खाली उंदराचे बीळ असा शेजार असू शकतो. दोघेही चिवट. परंतु करवंद खतपाण्यावाचून कातळावरही जगते, फळ मात्र लागवडीनंतर दोन-तीन वर्षांनी व तेही एप्रिल-मे महिन्यांत देते. उंदराची मादी सुमारे 3 आठवड्यांत विते आणि एका वेळी 5 ते 8 पिल्ले देते. भात पोटरीत आले की फुटवे कुरतडायचे, लोंब्या बिळात साठवायच्या, शिवाय बांध पोखरून खाचराचे पाणी घालवायचे, हा त्याचा उद्योग.

कुंपणासाठी करवंद उत्तमच. काट्यांपुढे गुरे थबकतात. पण त्याच काट्यांमुळे कुत्रा, मांजर व आपले फावडे जाळीच्या बुडापर्यंत पोहोचत नाही आणि उंदराचे फावते. म्हणून जाळी तोडू नये. फळे उतरल्यावर, पावसापूर्वी, बुडाकडील फांद्या छाटून हातभर जागा मोकळी ठेवावी. बाजूची पडीक जमीन गवताने माजली असेल तर तीही पाहावी. संध्याकाळी सर्व बिळे बुजवावीत. सकाळी उकरलेली आढळतील तीच चालू समजावीत. झिंक फॉस्फाईडचे आमिष घालण्यापूर्वी 2-3 दिवस नुसते तेल लावलेले भरड धान्य ठेवावे, नाहीतर उंदीर आमिषाला तोंड लावत नाही. आमिष बिळात खोल घालून तोंड बुजवावे. मुले जेथे करवंदे वेचतात, त्या जाळीखाली ते उघड्यावर मुळीच ठेवू नये.

पायाला जखम असल्यास चिखलणीस गमबूट घालावेत. उंदराच्या मुतामुळे लेप्टोची लागण होते.