निर्णय बापाचा, ओळख आईची

तासगावच्या द्राक्ष बागायतदाराला बागेतली ओळ न् ओळ माहीत असते. कुठल्या वेलीला घड कमी लागले, कुठे डाऊनी रोग दिसला, विरळणी कुठे राहिली, हे तो घरबसल्या सांगतो. कारण ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत तो रोज त्या ओळींतून फिरत असतो. थोरली लेक कुठल्या विषयाला घाबरते, धाकटीची शाळेत कुणाशी गट्टी आहे, असं विचारलं तर मात्र तो बहुधा तिच्या आईकडे बघतो. त्याची माया कमी असते असं मुळीच नाही. पण आपल्या घरांत मुलींची माहिती आईकडे साठत जाते आणि मुलींविषयीचे निर्णय बापाकडे राहतात. बापाने प्रत्येक लेकीसाठी वेगळा, फक्त तिचा असा वेळ काढावा, असं मला वाटतं ते यासाठीच. ज्याच्या शब्दावर तिचं आयुष्य ठरतं, त्याला ती नीट माहीत तरी असावी.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १४० मिनिटं देतात, पुरुष ७४. या मिनिटांत म्हातारी माणसं, आजारी माणसं, सगळी मुलंबाळं आली. एकेका लेकीच्या वाट्याला काय उरत असेल, याचा अंदाज वाचकाने करावा. सगळ्यांनी मिळून घालवलेला वेळ आपल्याकडे भरपूर असतो. ऋषिपंचमीला तासगावच्या गणपतीचा रथ ओढायला घरंच्या घरं लोटतात, लग्नं असतात, यात्रा असतात. तो वेळ मोलाचाच आहे. पण चारचौघांत थोरली समजूतदारपणे वागते, धाकटी लाड करून घेते आणि मधली गप्प बसते. घराने दिलेली भूमिका बाजूला ठेवून बोलायला मुलीला समोर एकच माणूस लागतो.

बापाने लेकीसाठी वेगळा वेळ काढण्याचं फार बोलकं उदाहरण इथून जवळच, सांगलीत घडलं. मास्टर दीनानाथ मंगेशकरांचं कुटुंब १९३० च्या दशकात सांगलीत राहत होतं. आशाताईंचा जन्म तिथलाच, १९३३ चा. लताबाई अनेकदा सांगत ती हकीकत अशी: वडील बाहेर गेले असताना त्यांचा एक शिष्य पूरिया धनाश्री आळवताना चुकला आणि चिमुकल्या लताने त्याला तो गाऊन दाखवला. परतलेल्या वडिलांनी ते दारातून ऐकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलीला उठवून त्यांनी तिची तालीम सुरू केली. गायकाच्या घरात, रोज शिष्यांचा राबता असताना, आपलीच मुलगी गाते हे बापाला तोवर कळलं नव्हतं. पुढची लता मंगेशकर सगळ्यांना ठाऊक आहे. मला महत्त्वाची वाटते ती पहाट. ती मुलगी मोठी गायिका झाली नसती तरी त्या पहाटेचं मोल कमी झालं नसतं.

आता निर्णयांकडे पाहू. दहावीनंतर सांगली-कोल्हापूरला पाठवायचं की गावातच ठेवायचं, स्थळं कधी बघायची, यात शेवटचा शब्द बापाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं आढळलं. त्यामागे गरिबी आहे, असुरक्षितता आहे. पण मुलीला काय हवं आहे हे बापाने तिच्याच तोंडून कधी ऐकलेलं नसणं, हेही आहे असं मी मानतो. जमिनीचंही तेच. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो आणखी पक्का केला. तरी हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या होतच राहतात. जिला बापाने बाग कधी हिंडून दाखवली नाही, तिला तो वाटा आपला कसा वाटावा? नावाचंही तसंच. शेजारच्या सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये ‘नकुसा’ नावाच्या २८० हून अधिक मुलींना नवी नावं दिली गेली. ते काम चांगलंच झालं. आपण खरंच हव्या आहोत, हे मात्र अशा मुलीला बापाच्या वागण्यातूनच कळणार.

यावर आक्षेप येतात. सगळ्यात खरा आक्षेप कामाचा. डिपिंगच्या दिवसांत किंवा बेदाणा शेडवर असताना बापाला जेवायची शुद्ध नसते, हे मान्य. पण वेगळा वेळ म्हणजे वेगळी सुट्टी नव्हे. बेदाण्याच्या सौद्याला जाताना गाडीवर मागे एक लेक बसू शकते. एकीला नेलं तर दुसरी रुसेल, हेही खरं; तिची पाळी ठरलेली असली आणि पाळली गेली की रुसवा टिकत नाही. घरात आजी आहे, आत्या आहे, मग बापच कशाला, असंही विचारतात. त्या दोघी माया लावतील, पण कॉलेजच्या अर्जावर आणि सोयरिकीवर त्यांचा शब्द चालत नाही. उरला तो जुना समज: मुलगी वयात आली की बापाने चार हात लांब राहावं. मला हा समज सर्वांत घातक वाटतो. तेरा ते अठरा याच वर्षांत तिच्याविषयीचे सगळे मोठे निर्णय होतात आणि नेमका तेव्हाच बाप बोलणं थांबवतो.

म्हणून तासगावातल्या, आणि कुठल्याही गावातल्या, बापांना एकच विनंती. येत्या छाटणीआधी एका संध्याकाळी थोरलीला एकटीला बागेत न्या, दुसऱ्या संध्याकाळी धाकटीला. तिला काय हवं आहे ते विचारा, आणि तिचं सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका.